जाईचे गाऱ्हाणे

निवांतनाथ महाराज त्या वर्षी कांदळखोल गावी खाडेश्वराच्या देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला होते. आदल्या पावसाळ्यातल्या वादळाने त्या गावच्या होड्या नेल्या, होड्यांबरोबर माणसे नेली. आणि भाविकहो, मागे उरलेल्यांच्या डोळ्यांत खाडीचे खारे पाणी तेवढे ठेवले. महाराजांनी तिथे प्रवचन म्हणून केले नाही. कुणी शेजारी येऊन टेकले की थोडे सरकून ते जागा करून देत.

अनसूया मिठागरात राबणारी. तिचा नवरा वादळातून जिवंत परतला, छप्परही टिकले. पण त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली, ती न रडताच गेली. गावभर आक्रोश चालला होता; एका न फुटलेल्या रडण्याकडे कोण कान देणार? अनसूयेनेही दिला नाही. हुंदका आला की शेजारची विधवा भागा आठवे, आणि आपल्याच डोळ्यांची तिला लाज वाटे. चोरून खाल्लेल्या घासासारखा तो हुंदका ती घाईने गिळून टाकी. गिळता गिळता एके दिवशी तिचा घसाच मिटला. भात उतरेना, मग पेजही उतरेना. वैद्याने हात टेकले, तेव्हा नवरा काकुळतीने म्हणाला, "देवाक गाऱ्हाणा घालूया गो. नायतर तू हातातसून जातलंस."

त्या मुलखात माणसाचे मागणे देवापुढे मानकरी मोठ्याने मांडतो, आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून त्याला साथ देतो. साथ नाही, तर गाऱ्हाणे पोचले नाही. कांदळखोलचा मानकरी होता भिवाजी. त्याचा तरणा मुलगा वासू वादळात गेला होता. डोळ्याला पाणी न आणता त्याने बारावे-तेरावे केले, आणि तेव्हापासून गावात दुःखाचाही पहिला मान त्याचाच झाला.

भर देवळात अनसूयेने मान खाली घालून कसेबसे कारण सांगितले. भिवाजी हसला.

"तुझो घोव जितो आसा. घर उभा आसा. आणि एक दिस न जगलेल्या चेडवासाठी गाऱ्हाणा? अगो, हय बसलेल्यांची तोंडां तरी बघ! ह्या भागाच्या वांगडा बसूक तुका लाज नाय वाटणा?"

बायकांत कुणीतरी खुसखुसले. अनसूयेला वाटले, पायाखालची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे. लाज तिला वाटतच होती. तीच तर इतके दिवस तिचे अन्न झाली होती. ती उठू लागली.

"बसा, माय," महाराज म्हणाले, आणि नेहमीसारखे थोडे सरकले.

भिवाजीला ते झोंबले. "म्हाराज, मग देवाकच इचारूया. कौल लावतंय. उजवी पाकळी माझी, डावी हिची. जेचा दुःख मोठा, तेची आधी पडात."

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्या. प्रश्न विचारावा, आणि कोणती पाकळी आधी गळते त्यावरून उत्तर ओळखावे. भिवाजीने दोन पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात प्रश्न विचारला.

पाकळ्या पडल्या नाहीत. पाषाणावरचे पाणी सुकले, खाडीवरचा वारा आत शिरून समईची ज्योत आडवी करू लागला, तरी त्या हलल्या नाहीत. दुपार कलली. देव बोलत नाही म्हटल्यावर माणसे घाबरली. भिवाजीच्या कपाळावर घाम आला.

"भिवाजी," महाराज म्हणाले, "तुम्ही देवाकडे निवाडा मागता आहात. त्याने तो कधी केलाच नाही. माय, तुमचे तुम्हीच सांगा."

अनसूयेने हात जोडले. आवाज फुटेना. मग खोल विहिरीतून पोहरा वर यावा तसा एक एक शब्द वर आला.

"देवा म्हाराजा... तेचा नाव मी जाई ठेयललंय. कोणाक सांगूक नाय. माका लाज वाटली."

गाव गप्प. त्या शांततेत एकटे महाराज उभे राहिले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग भागा म्हणाली. डोळे पुशीत म्हणाली. मग साऱ्या बायका. आणि डावी पाकळी अलगद पाषाणावरून सुटली.

भिवाजीचा चेहरा उतरला. "म्हणजे हिचाच मोठा?" तो पुटपुटला.

"अजून तेच विचारता?" महाराजांचा स्वर मायेने ओला झाला होता. "वासूचे दुःख केवढे, हे तुम्ही साऱ्या गावाला सांगितलेत. ते कसे आहे, हे देवाला एकदा तरी सांगितलेत का?"

गावाची सारी गाऱ्हाणी तोंडपाठ असलेला तो मानकरी शब्दांसाठी चाचपडू लागला. "देवा म्हाराजा... सांज झाली की मी धक्क्यार जातंय. तेची होडी येतली म्हणान बघत ऱवतंय..." पुढे त्याला बोलवेना. लहान मुलासारखा तो रडू लागला.

मानकऱ्याला असे कुणी कधी पाहिले नव्हते. साथ द्यायची हेही लोक विसरले. गाऱ्हाणे अर्धेच लोंबकळत राहिले.

"व्हय म्हाराजा!"

आवाज मोकळा होता, भरदार होता. सगळ्यांनी वळून पाहिले. ती अनसूया होती. उजवी पाकळी खाली आली.

काय सांगावी ती कृपा! महाराजांनी आपल्या वाटीतली पेज पुढे केली, आणि ती सावकाश, घोटाघोटाने अनसूयेच्या घशाखाली उतरली. भिवाजी पुढे आला. आधी त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, मग मानकऱ्याचे पागोटे काढून अनसूयेसमोर वाकला आणि खालच्या मानेनेच म्हणाला, "बाये, जाईचा गाऱ्हाणा माका परत एकदा घालूक दी."