तिघांची एकच धूळपाटी

तुम्ही म्हणता, आमच्या घरात सगळी मुलं सारखी. ऐकायला छान वाटतं. पण खरं सांगा, तिघांकडे तीन वेळा बघायचा कंटाळा येतो म्हणून तुम्ही तिघांकडे एकदाच बघता, आणि त्या कंटाळ्याला न्याय असं नाव देता. मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतंय, असंही तुम्ही धरून चालता. त्यांना कळतं. ती फक्त बोलत नाहीत.

आता गोष्ट ऐका. फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात नदीकाठी एक लेखनिक राहत होता. पोथ्यांच्या नकला उतरवून देणं हे त्याचं काम. त्याने केलेली नक्कल मूळ पोथीच्या शेजारी ठेवली, तर मूळ कुठली हे भल्याभल्यांना ओळखता येत नसे. त्याला तीन मुलं होती. थोरली मुलगी दहा वर्षांची, मधला मुलगा आठ वर्षांचा आणि धाकटा पाच वर्षांचा. धाकट्याच्या जन्माच्या वेळीच त्यांची आई गेली होती.

तिघं गावच्या पाठशाळेत जात. तिथले गुरुजी तोंडापेक्षा छडीने जास्त बोलत. एके दिवशी धाकटा घरी आला तो हाताची मूठ उघडेचना. बापाने फुंकर घालत एकेक बोट सोडवलं, तर तळवा सुजलेला. चूक काय होती? त्याला 'आंबा' म्हणजे नाम की क्रियापद, ते सांगता आलं नव्हतं.

"उद्यापासून कुणी तिकडे जायचं नाही," लेखनिक म्हणाला. "व्याकरण मी शिकवीन. तिघांना एकत्र. माझ्या घरात कुणी मागे राहणार नाही आणि कुणी कुणाला मागे टाकणार नाही."

थोरलीला आनंदाने रात्रभर झोप लागली नाही. व्याकरणाच्या पोथीत बारा प्रकरणं होती. पाठशाळेत ती तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचली होती. तिला वाटलं, बाबांजवळ शिकले तर दोन-तीन वर्षांत सगळी पोथी होईल.

आणि पोथी होणं तिला फार गरजेचं होतं. राजधानीत एक मोठं ग्रंथघर होतं. दर सात वर्षांनी तिथे एकाच मुलाची किंवा मुलीची निवड होई. वय सोळाच्या आत हवं आणि व्याकरणाची आठ प्रकरणं पक्की हवीत. ज्याची निवड होई, तो जन्मभर तिथे राहून हवं ते वाचू शके. थोरली एकदा बापाबरोबर नकला पोचवायला तिथे गेली होती. दारातून तिला छतापर्यंत रचलेल्या पोथ्या दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध पाय पसरून बसलेली एक म्हातारी ग्रंथपाल. एका हातात पोथीचं पान, दुसऱ्या हातात फुटाणे. थोरलीने त्याच क्षणी ठरवलं, आपण मोठेपणी ही म्हातारी व्हायचं.

पुढची निवड पाच वर्षांनी होती. तेव्हा ती पंधरा वर्षांची असणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखनिकाने ओसरीवर एक मोठी धूळपाटी मांडली. शेजारची कुंभारीण आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, तडकलेली मडकी कुटून त्यांची भुकटी चाळून देई. ती लाल भुकटी पाटीवर पसरायची, बोटाने त्यात लिहायचं, आणि झालं की हाताने पुसायचं.

"पाटी एकच," लेखनिक म्हणाला. "धडाही एकच. आणि तिघांना आल्याशिवाय पाटी पुसायची नाही."

मग त्याने पहिल्या प्रकरणाचा पहिला धडा लिहिला.

"बाबा, हे मला येतं," थोरली म्हणाली.

"माहीत आहे. पण तू पुढे गेलीस तर धाकट्याला काय वाटेल? तो आधीच घाबरलाय."

थोरली पाटीपुढे मांडी घालून बसली. वाट पाहणं हेही चांगल्या मुलीचं काम, असं तिला वाटलं. तो पहिला आठवडा होता.

धाकटा पाच वर्षांचा होता. त्याला कर्ता आणि कर्मापेक्षा ओसरीखालच्या मुंग्यांच्या रांगेत जास्त रस होता. त्या वयात असा रस असतोच, त्यात त्याचा दोष नव्हता. पण पाटी त्याच्यासाठी अडून राहिली. दहा दिवस, वीस दिवस, एकाच धड्यावर. मधला तोंड न उघडता जांभई द्यायला शिकला. थोरली एकच वाक्य इतक्यांदा ऐके, की तिला त्या वाक्यातल्या गाईचा राग येऊ लागला.

कुंभारीण भुकटी घेऊन आली की पाटीकडे बघून हसे.

"काय हो बुवा, पुसत तर तुम्ही काहीच नाही. मग माझी भुकटी जाते कुठे? खाता की काय?"

"वाऱ्याने उडते, बाई," लेखनिक हसून म्हणे. "घाई आम्हाला नाही. आम्ही सगळे मिळून चालतो."

"चालताय होय?" कुंभारीण थोरलीकडे बघत म्हणे. "मला वाटलं, बसलाय."

पहिल्या वर्षाच्या शेवटी एक प्रकरण झालं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दुसरं. पाठशाळेत जिथे ती दहाव्या वर्षी होती, तिथे थोरली बाराव्या वर्षीही परत पोचली नव्हती.

एकदा बाप नदीवर गेला असताना तिने पोथीचं फडकं सोडलं आणि पाचव्या प्रकरणाचं पान काढून वाचायला बसली. बाप परत आला, त्याने पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "भावांना मागे टाकून एकटी कुठे जाणार आहेस, बाळा?"

थोरलीला चोरी केल्यासारखं वाटलं. ती हमसून हमसून रडली. शिकावंसं वाटल्याबद्दल मुलीला रडायला लावणारा तो बाप वाईट नव्हता, हे तुम्ही लक्षात ठेवा. वाईट माणसाशी तिला भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर पोथी पेटीत गेली. रोज फक्त त्या दिवसाचं पान बाहेर येई.

तेरावं वर्ष सरत आलं तेव्हा थोरलीला एक युक्ती सुचली. पाटीसमोर बसताना धाकटा नेहमी तिच्या पुढ्यात बसे. तिने त्याला गुपचूप सांगितलं, "मी पाठीवर एक रेघ ओढली तर नाम म्हणायचं. दोन रेघा ओढल्या तर क्रियापद. सगळा तळवा टेकवला तर विशेषण."

"आणि मला गुदगुल्या झाल्या तर?"

"तर हसायचं नाही. हसलास तर पेरू नाही."

धाकट्याला हा खेळ फार आवडला. बापाने विचारायचं, थोरलीने रेघ ओढायची, धाकट्याने उत्तर द्यायचं. जसजशी प्रकरणं वाढली, तसतशा खुणाही वाढल्या. पाटी भराभर पुसली जाऊ लागली. कुंभारीण म्हणाली, "आता कशी माझी भुकटी लागतेय!" दोन वर्षांत तिसरं, चौथं, पाचवं आणि सहावं प्रकरण झालं.

लेखनिक आनंदाने वेडा व्हायचा राहिला होता. तो भेटेल त्याला सांगे, "बघा, धीर धरला म्हणून. माझी तिन्ही मुलं एका ओळीत आहेत." त्याची कीर्ती राजधानीपर्यंत गेली. निवडीचं वर्ष आलं आणि ग्रंथघरातून निरोप आला: लेखनिकाच्या थोरल्या मुलीला परीक्षेला पाठवावं.

थोरलीची सहाच प्रकरणं झाली होती. हवी होती आठ. परीक्षेला एक महिना उरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "एवढा एक महिना मला एकटीला शिकवा. नुसती पोथी द्या, शिकवूही नका. मी वाचून घेते."

"आणि धाकटा?"

"त्याला सातवं प्रकरण कशाला हवंय, बाबा? त्याला पतंग हवाय."

"पाच वर्षं पाळलेला नियम महिन्यासाठी मोडू?" लेखनिक म्हणाला. "नाही. आणि एकटी तूच का? तिघंही परीक्षेला जातील. जगाला दिसू दे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तेही खरंच होतं. पेटी मात्र त्याने उघडली नाही.

चौघं राजधानीला गेले. म्हातारी ग्रंथपाल तीच होती, फुटाणेही तेच. तिने तिघांना बघितलं आणि म्हणाली, "तिघं म्हणता? बरं. तीन खोल्यांत बसवा."

हे थोरलीने धरलंच नव्हतं. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, खेळ चालूच आहे.

मधल्याला तीन प्रश्न विचारले. त्याने तिन्हींची उत्तरं बरोबर दिली आणि जेवण कधी आहे ते विचारलं. त्याची पुढे कुणाला आठवण राहिली नाही.

धाकट्याला परीक्षकाने साधंच विचारलं, "आंबा, हे नाम की क्रियापद?"

धाकटा उठला. त्याने परीक्षकाकडे पाठ केली आणि उभा राहिला.

"अरे, इकडे तोंड कर."

"तुम्ही लिहा ना," धाकटा म्हणाला. "पाठीवर. ताई लिहिते तसं."

सगळं बाहेर यायला घटकाभरही वेळ लागला नाही.

थोरलीच्या खोलीत ग्रंथपाल स्वतः आली. सहा प्रकरणांतलं तिने जे जे विचारलं, ते थोरलीने असं सांगितलं, की म्हातारीच्या हातातले फुटाणे हातातच राहिले. मग तिने सातव्या प्रकरणातलं विचारलं.

"ते पान आमच्या घरी अजून उघडलेलं नाही," थोरली म्हणाली.

"सहा इतकी पक्की आहेत तुझी, मग पुढचं कुणी अडवलं?"

दाराबाहेर बाप उभा होता.

"भावाच्या पाठीवर तू लिहीत होतीस?"

"हो."

म्हातारीने हातातले फुटाणे खाली ठेवले. मग म्हणाली, "पोरी, इथे पोथ्या लोकांच्या विश्वासावर राहतात. जे आलेलं नाही ते आलंय असं दाखवणारा हात मी पोथीला लावू देऊ शकत नाही. आणि आठ प्रकरणांचा नियम तर आहेच. मला वाईट वाटतं."

"पुढची निवड सात वर्षांनी," थोरली म्हणाली. "तेव्हा मी बावीसची असेन."

"हो," म्हातारी म्हणाली. "मला मोजता येतं."

जाताना तिने मूठभर फुटाणे थोरलीच्या हातात ठेवले. थोरलीने ते खाल्ले नाहीत. नदी लागली तेव्हा पाण्यात सोडून दिले.

परतीच्या वाटेवर लेखनिक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी कुणालाच मागे ठेवलं नव्हतं. तुला तरी मी कधी मागे ठेवलं का गं?"

"नाही, बाबा," थोरली म्हणाली. "पण मी पुढे निघाले होते. तुम्ही मला दारातच उभं केलंत, पाच वर्षं."

घरी आल्यावर लेखनिकाने पेटी उघडली आणि सगळी पोथी तिच्यापुढे ठेवली. "वाच," तो म्हणाला. "आता वाच, बाळा. हवं तेवढं."

तिने पोथी फडक्यात गुंडाळली आणि परत पेटीत ठेवली. पुढे तिने बापाच्या हाताखाली नकला उतरवल्या, अक्षर सुंदर काढलं, पण लिहिलेलं वाचलं मात्र कधी नाही. धाकटा मोठा झाला, चांगला कमावता झाला. पण कुणी त्याला साधा प्रश्न विचारला, तरी उत्तर देण्याआधी त्याची मान नकळत मागे वळे.

सगळ्यांना एकाच मापाने शिकवणारा कुणालाच शिकवत नाही.

हे लेखनिकाला कळायला फार उशीर झाला. राजधानीहून परतल्यावर एके दिवशी तो ओसरीवर रिकाम्या पाटीपुढे बसला होता, तेव्हा कुंभारीण नेहमीसारखी भुकटीचं टोपलं घेऊन आली.

"आता नको, बाई," तो म्हणाला. "शाळा संपली. मी काय चुकलो, सांगा. तिघांना एकत्रच तर बसवलं होतं."

कुंभारणीने टोपलं खाली ठेवलं.

"आवा मीही एकच लावते, बुवा. पण पणत्या कडेला, कमी आचेत ठेवते आणि रांजण मधोमध. सगळ्यांना एकच जागा दिली की जे तडकतं, त्याचीच भुकटी पाच वर्षं मी तुमच्या पाटीवर पसरायला आणून देत होते."