घड्याळाची बासुंदी

निवृत्त फौजदार गुलाबराव कदमबांडे यांचं पोट फार सुटलं. डॉक्टर म्हणाले, "चालाल त्याच दिवशी गोड खा." फौजदारांनी पावलं मोजणारं बोलकं घड्याळ घेतलं आणि ते मनगटाला बांधून देवळात भजनाला बसले. माणसाने पायाने चालावं, हे त्यांना सांगणार कोण? दुपारभर टाळ कुटले. हात हलेल तसं घड्याळ पावलं मोजत गेलं. शेवटी म्हणालं, "शाब्बास! आजचं चालणं पूर्ण!"

त्यांच्या पत्नी सरजाबाई मागे बायकांत बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

घरी येताच फौजदार गरजले, "बासुंदी वाढ! माझं चालून झालंय. घड्याळ साक्षीदार आहे."

"द्या इकडे साक्षीदार."

सरजाबाईंनी पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर घड्याळ बसवलं आणि त्याच्यापुढे बासुंदीची वाटी ठेवली.

"अगं, हे काय?"

"जो चालला, त्याला वाढलं. तुम्ही टाळ वाजवलेत, तुम्हाला प्रसादाचे फुटाणे."

फौजदार तणतणत उठले, टेकडीपर्यंत पायी गेले आणि घामाघूम होऊन परतले. सरजाबाईंनी वाटी त्यांच्याकडे सरकवली. तेवढ्यात पाटावरचं घड्याळ बोललं, "तुम्ही बराच वेळ जागचे हलला नाहीत!"

"गप! खोटारडा साक्षीदार!" फौजदार ओरडले आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.