सिंहासनातली राणी

एका राज्यात राईपाशी कुऱ्हाड नेत नसत. पडलेली काटकीसुद्धा तिथंच कुजू द्यायची, अशी पूर्वापार चाल. पण राजा वज्रकेतू गादीवर आला आणि म्हणाला, "राईतल्या थोरल्या बेहड्याचं सिंहासन करा!" राजहट्टच तो. राई तुटली, बेहडा पडला.

सुतार म्हणाले, "महाराज, खोडात काही हलतंय."

"वर सोन्याचा पत्रा ठोका," राजा म्हणाला.

मग राजा ऐटीत बसला, तो बसलाच! पायांचं लाकूड झालं, ते सिंहासनात रुजलं आणि रोज वीतभर वर चढू लागलं. राज्यातले झरे आटले, झाडं वाळली. राजकन्या सुवेलेचं बापावर फार प्रेम. ती उपाय शोधत तुटलेल्या राईत धावली. बेहड्याच्या बुंध्यावर थोरल्या चोचीचा धनेश पक्षी बसला होता.

"राजकन्ये," धनेश बोलला, "माझी राणी ढोलीत अंडी उबवत होती. दार मातीनं लिंपलेलं, एक फट तेवढी ठेवलेली. त्यातून मी घास भरवीत असे. तुझ्या बापानं फटीवर सोनं ठोकलं. ती कोंडली, तसा तोही कोंडेल. हा माझा शाप."

"उःशाप सांगा."

"तिला उंबराचं ताजं फळ भरव. ती आपल्या चोचीनं बाहेर आली, तर राजा सुटेल. कुऱ्हाड लावलीस, तर दोघंही मरतील."

राज्यात उंबर उरला नव्हता. शेवटचं बी रक्ताक्ष मांत्रिकाच्या खजिन्यात होतं. सुवेला धनेशाच्या पाठीवर बसली, पंख घरघरले आणि दोघं सात डोंगर ओलांडून गेली!

"हात लावशील ते रत्न तुला रत्न करील," मांत्रिक हसला. हिऱ्यामाणकांच्या राशीत मोहरीएवढं बी शोधायचं कसं? सुवेलेनं हात लावलाच नाही. तिनं फुंकर मारली. रत्नं जागची हलली नाहीत, बी तेवढं उडालं. तिनं ते पदरात झेललं. मांत्रिक बसला हात चोळत!

राईत परतून तिनं बी पेरलं, पण पाणी कुठलं? झरा खडकाखाली रुसून बसला होता.

"मला ऊन सोसवत नाही," तो आतून म्हणाला. "सावली दे."

सुवेला पदर पसरून भर उन्हात उभी राहिली. पाय भाजले, ओठ फुटले, पण ती हलली नाही. तिन्हीसांजेला झरा खळखळत वर आला! बी भिजलं, उंबर रातोरात वाढला, फळला. तिनं एक फळ तोडलं आणि महाल गाठला.

लाकूड राजाच्या गळ्याशी आलं होतं. उजवा हात तेवढा जिवंत होता. प्रधानानं कुऱ्हाड उगारली.

"बाजूला व्हा, राजकन्ये! सिंहासन फोडतो."

"आधी मला तोडा!" ती आडवी आली. तिनं पत्रा ओढून पाहिला, तो हलेना. "आबासाहेब, तुमच्या आज्ञेनं ठोकला, तुमच्याच हातानं निघेल."

"भर दरबारात सोनं उचकटू?"

"होय, आबासाहेब."

राजानं नखं रुतवली. बोटं रक्ताळली, पत्रा सुटला, फट दिसली. सुवेलेनं दिलेलं फळ त्यानं पुढं केलं. फटीतून चोच आली आणि फळ आत गेलं.

टक... टक... टक! मातीचं दार फुटलं. धनेशाची राणी बाहेर आली, मागून दोन पिल्लं! राजाच्या पायांत रक्त सळसळलं. तो उठला, लेकीला पोटाशी धरून रडला. राईत नेऊन ठेवताच सिंहासनाला पालवी फुटली, धनेशाची राणी पिल्लांसह ढोलीत परतली आणि झरे वाहू लागले.

तेव्हापासून राजा वज्रकेतू दरबारात घोंगडीवर बसे. परराज्याचे वकील विचारीत, "महाराज, सिंहासन कुठं आहे?"

राजा राईकडे बोट दाखवी. "तिथं. पण त्यात कुणीतरी राहतं."