गाढव, घोडा आणि पेन्सिलीचे कागद

वारणेच्या काठावर एक गाव आहे. तिथे चारुशीला तोडकर नावाची एक तरुणी संगणकावर खेळायचे खेळ बनवत असे. टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम जसे दिसत, तसाच तिचा खेळ दिसे. मोजके रंग, ठसठशीत चौकोनी ठिपके, आणि त्या ठिपक्यांतून उभी राहिलेली माणसं, झाडं, घरं.

पतसंस्थेतली नोकरी सोडून ती दोन वर्षं एकाच खेळावर काम करत होती. खेळाचं नाव 'सात विहिरी'. त्यात गोदा नावाची कुंभाराची मुलगी असते. एके दिवशी तिच्या गावातली विहीर मुकी होते. पोहरा टाकला तरी पाण्याचा आवाज येत नाही. तो आवाज शोधायला गोदा निघते. वाटेत माणसं भेटतात. त्यांच्याशी बोलायचं, त्यांची कामं करायची, आडवे येतील त्यांच्याशी लढायचं. लढाईही जुन्या रीतीची. आधी आपली पाळी, मग समोरच्याची. अशा सात विहिरी गाठल्या की खेळ पुरा होतो.

गोदाच्या सोबतीला एक म्हातारं गाढव होतं. ते लढत नसे. ओझं वाही, आणि गोदा दमून बसली की तिच्या शेजारी बसे. त्या बसण्याचं चित्र काढायला चारुशीलाला आठ दिवस लागले होते.

खेळाचं संगीत अस्लम मुजावर करी. तो तिच्या वर्गातला. लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवी आणि बाकीच्या दिवसांत विहिरींसाठी चाली बांधी.

खेळ पुरा झाल्यावर तो लोकांपर्यंत पोहोचवायचा कुणी? त्यासाठी प्रकाशक लागतो. पुण्याचे दिगंबर पाटणकर तीस वर्षं मुलांची पुस्तकं काढत होते. आता त्यांनी खेळही काढायला घेतले होते. त्यांनी पहिली विहीर खेळून पाहिली आणि फोन केला. "चारुशीलाताई, हा खेळ आपण दिवाळीच्या पाडव्याला काढू."

चारुशीलाने फोन ठेवला आणि ती अंगणात नुसतीच दोन फेऱ्या मारून आली.

पाटणकरांची कामाची एक रीत होती. दर दहा दिवसांनी ते एका कागदावर हाताने टिपण लिहीत आणि त्याचा फोटो फोनवर पाठवत. पहिल्या कागदावर पेन्सिलीने चारपाच ओळी होत्या. तळाशी निळ्या शाईने एकच ओळ होती. 'गाढव हवंच.' चारुशीला हसली. गाढव काढून टाकायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नदी आहे, तर मासे धरता आले तर?'

चारुशीलाला मासे नको होते. पण शाळेत बाईंनी वहीवर काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी ते करून दाखवायचं, ही तिची जुनी सवय. शिवाय मनात धाकधूक होती. एवढे मोठे प्रकाशक. नाही म्हटलं आणि त्यांनी खेळच परत केला तर? तिने लगेच उत्तर पाठवलं, 'हो सर, करते.'

मग बाजार आला. मग एक लग्न आलं, पंगतीसकट. मग गोदाला गलबतात बसवून समुद्रावर नेणं आलं. प्रत्येक कागदाला चारुशीलाचं उत्तर तेच. 'हो सर, करते.' कधी कधी तर कागद येऊन पाच मिनिटंही झालेली नसत.

एका कागदावर होतं, 'घोडा असला तर? शर्यत लावता येईल.' आता खेळात सोबतीला एकाच प्राण्याची जागा होती. चारुशीला दिवसभर विचार करत बसली. संध्याकाळी तिने गाढव काढलं आणि त्या जागी घोडा घातला. घोडा दिसायला रुबाबदार होता. गोदा दमून बसली की तो मात्र उभाच राही.

गणपती आले, गेले. अस्लम एक दिवस सकाळी खेळ तपासायला बसला. दुपारी त्याने डोक्याला हात लावला.

"चारू, तीन तास झाले, मी मासेच धरतोय. विहीर कुठाय?"

"बाजार ओलांडलास की."

"बाजारात लग्नाचं आवतण मिळालं. जेवून आलो, तर घोड्याची शर्यत. अगं, पहिल्या विहिरीची चाल बांधायला मी महिना घातला. ती ऐकायला माणूस पोचणार कधी? पुढच्या दिवाळीला?"

चारुशीलाने मनाशी हिशेब मांडला. पूर्वी गोदा घरातून निघाली की दोन मिनिटांत पहिल्या विहिरीपाशी पोहोचत असे. आता नुसतं चालायलाच पाऊण तास लागत होता. अजून गलबत अर्धं होतं. चार विहिरींची चित्रं व्हायची होती. आणि पाडव्याला सहा आठवडे उरले होते.

"सरांना सांग," अस्लम म्हणाला.

"काय सांगू? सगळं त्यांनीच सांगितलंय."

"मग हे पण त्यांना सांग. नाहीतर घोड्यावर बसून तूच पळून जा."

दोन दिवसांनी पाटणकर स्वतःच आले. कोल्हापूरला काही काम होतं, जाता जाता डोकावले. उंच, सडपातळ गृहस्थ, खिशाला पेन आणि पेन्सिल दोन्ही. चहा झाला. ते खेळायला बसले. अस्लम दाराला टेकून उभा राहिला.

पाटणकरांनी मासे धरले. बाजार हिंडले. पंगतीत बसले. घोड्यावरून दोनदा पडले. तासाभराने त्यांनी हात मागे घेतले आणि सावकाश म्हणाले, "छान. बरंच काम केलंत तुम्ही." मग खिशातला कागद काढला. पेन्सिल हातात घेतली. "अजून काय घालू या?"

चारुशीलाच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. 'तुम्ही म्हणाल ते, सर.' एवढं म्हटलं असतं तर आजचा दिवस सुखाने गेला असता. तिने पडद्याकडे पाहिलं. गोदा एका झाडाखाली दमून बसली होती. शेजारी घोडा उभा होता, दुसरीकडे तोंड करून.

"नको, सर," ती म्हणाली. "आता काही घालायचं नाही. काढायचंय. मासे, बाजार, लग्न, गलबत, सगळं. हे मला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. मी हो म्हणत गेले, ही माझी चूक. पण असा खेळ मला लोकांना द्यायचा नाही. मग तुम्हाला तो प्रकाशित करायचा नसेल तर मी समजू शकते."

पाटणकरांनी चष्मा काढला. पेन्सिल टेबलावर ठेवली. आणि खुर्चीत मागे रेलून एवढा मोठा श्वास सोडला, की अस्लम दारापासून दोन पावलं पुढे आला. त्याला वाटलं, सरांना बरं वाटत नाहीये.

"सुटलो!" पाटणकर म्हणाले. "अहो ताई, चार महिने माझा जीव टांगणीला लागलाय. एवढासा सुंदर खेळ, आणि ही मुलगी त्यात समुद्र कशाला आणतेय?"

"मी? तुम्ही लिहिलंत, सर!"

"पेन्सिलीने लिहिलं. तीस वर्षं माझी हीच रीत. पेन्सिल म्हणजे मी विचारतोय. नको असेल त्यावर काट मारायची आणि कागद परत पाठवायचा. माझे जुने लेखक दहातल्या आठ ओळी खोडतात. एक बाई तर समासात मला रागावतात. तुम्ही एकही खोडली नाहीत. उलट पाच मिनिटांत 'करते'. मला वाटलं, तुम्हालाच हौस आहे. मग मीही डोकं खाजवून नवीन काहीतरी काढायचो, तुमचा हिरमोड नको म्हणून."

अस्लमने तोंड फिरवलं. तो हसत होता, आणि त्याला ते लपवता येत नव्हतं.

"ही रीत मी तुम्हाला सांगायला हवी होती," पाटणकर म्हणाले. "ती चूक माझी. पण एक विचारतो. शाईने लिहिलं ते ठरलेलं असतं. शाईने मी तुम्हाला आजवर एकच ओळ लिहिली. ती का मोडलीत?"

चारुशीलाने फोनवर पहिला कागद शोधला. तळाशी निळ्या शाईत ती ओळ तशीच होती. 'गाढव हवंच.'

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "त्याला कुठेही पाठवलं नाही, सर," ती म्हणाली. "इथेच ठेवलंय."

तिने जुनं चित्र उघडलं. पाच मिनिटांत घोडा गेला. झाडाखाली दमलेल्या गोदाशेजारी म्हातारं गाढव पाय दुमडून बसलं. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मासे, बाजार, लग्न आणि गलबत खेळातून निघाले. काढताना चारुशीला गाणं गुणगुणत होती. मग राहिलेल्या चार विहिरींची चित्रं झाली. पाडव्याला 'सात विहिरी' लोकांच्या हाती पडला. घरातून पहिल्या विहिरीपर्यंत दोन मिनिटं. अस्लमची चाल तिथे ठरल्या जागी वाजे.

थोड्याच दिवसांत पाटणकरांचा नवा कागद आला. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढच्या खेळात गोदाला जादूची छत्री दिली तर?'

चारुशीलाने त्याखाली लिहिलं, 'नको, सर,' आणि कागद परत पाठवला.

मिनिटभरात उत्तर आलं. 'बरं.'

तात्पर्य: मनात 'नको' असताना तोंडाने 'हो' म्हणण्यात आदर नसतो. ज्याच्यासोबत काम करायचं, त्याला आपलं खरं मत वेळेवर सांगावं, त्यातच त्याचा मान राहतो आणि कामही वाचतं.