आठ महिन्यांचा कॅमेरा

"म्हणजे आधी कॅमेऱ्याची बॉडी बघायची की आधी लेन्स?" हर्षल मेस्त्रीने विचारले.

हा प्रश्न त्याने आठ महिन्यांत किती वेळा विचारला, देव जाणे. नाबरकाका आपल्या फोटोच्या दुकानात लेन्स पुसत राहिले. आमच्या बंदरावर काकांनी पन्नास वर्षे फोटो काढले. गावात कोणी पहिला कॅमेरा घेणार असला, की काकांना विचारूनच घेतो. विचारून घेतो, हे महत्त्वाचे. हर्षल नुसताच विचारत होता.

"या कॅमेऱ्याला पुढे भारी लेन्स लावता येतात. दुसऱ्याच्या लेन्स स्वस्त आहेत, पण तो जड. तिसरा..."

"बस," काका म्हणाले.

हर्षल बसला. मोबाईलवरचा तक्ता मात्र त्याने पुढे धरलाच. सोळा कॅमेरे, प्रत्येकासमोर खुणा. पोराला त्याचा अभिमान होता, तो लपतही नव्हता.

काकांनी तक्त्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"बापाशीच्या होडयेत आतल्या बरगड्यो किती?"

"...काय?"

"बरगड्यो. लाकडाच्यो. किती?"

हर्षलने मोबाईल खाली घेतला. त्याचे वडील जयवंत मेस्त्री लाकडी होड्या बांधतात. आता सगळ्यांना फायबरच्या हव्यात, म्हणून ही त्यांची शेवटची. तिचे पहिल्या लाकडापासून फोटो काढायचे, यासाठीच तर कॅमेरा घ्यायचा होता. फळ्या ठोकल्या की बरगड्यांचा सांगाडा झाकला जातो, पुन्हा तसा दिसत नाही. फळ्या ठोकून झाल्यालाही महिना उलटला होता.

"आठ म्हयने तुझ्या दारातल्या खळ्यात उभी होती ती," काका म्हणाले. आवाज चढला. "सोळा कॅमेरे तुका तोंडपाठ. होडी बघलंस कधी?"

आता हर्षलही तापला. पुण्यात शिकून आलेली भाषा गळून पडली, घरची मालवणी तोंडात आली.

"तुमका सांगूक काय जाता! तुमच्याकडे तीन कॅमेरे आसत. बाबांची शेवटची होडी ती. मोबाईलवरचो कसलोतरी फोटो नको होतो माका. बरो व्हयो होतो!"

त्याचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, त्यालाच ठाऊक.

काकांचा आवाज उतरला.

"पाण्यात कधी घालतत?"

"आज. दोनाक भरती लागतली तेवा."

"मगे तू हंय कित्याक?"

हर्षलने मान खाली घातली.

"तुम्ही बाबांना सांगा ना. पुढच्या उधाणापर्यंत थांबा म्हणावं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. तुमचं ते ऐकतील. आज ऑर्डर केला तर गुरुवारी कॅमेरा येतो."

काका उठले. 

"बापाशीक सांगतंय. दर्याक कोण सांगतलो? थांब बाबा, मेस्त्र्याच्या झिलाचो कॅमेरो येवचो आसा?"

 बैल गेला नि झोपा केला म्हणतात. इथे झोपासुद्धा झाला नव्हता.

काकांनी कपाट उघडले. आपला कॅमेरा काढला, त्यावर लेन्स चढवली, फिरवून पक्की बसवली. हर्षल उभा राहिला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

काकांनी त्या हातांकडे बघितले. बराच वेळ बघितले...

मग लेन्स उतरवली. कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावले.

"काका?"

काकांनी चपला पायांत सरकवल्या. दुकानाचे शटर खाडकन खाली ओढले.

"होडी ढकलूक माणसां कमी पडतत. चल. रिकाम्या हातान चल."