हलक्या जात्याची कहाणी

मंडळीतल्या बायांना सप्रेम सलाम. माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि शब्द साधे असतील, त्याची माफी असावी. तुमच्यातल्या अनुग्रहाबाईंनी ही कहाणी दळण निवडता निवडता मला माझ्या गिरणीवर सांगितली. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारी वाचायला लिहून दे, म्हणाल्या. लिहून दिली आहे. उभं राहून वाचणं माझ्याच्यानं होणार नाही, ते तुम्हीच करा.

ऐका बायांनो, जात्याची कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला वेस होती, वेशीजवळ घंटा नसलेलं एक लहानसं मंदिर होतं, तिथं येशूची मंडळी जमत होती. त्या मंडळीत रिबका नावाची एक सून होती. नवरा परगावी कामाला, घरात सासू आणि म्हातारा सासरा शांतवनबाबा. बाबांच्या तोंडात दात नव्हता एक.

सासू मरणाला टेकली. तिनं रिबकेला जवळ बोलावलं. "मुली, तुला वसा देते." "कसला वसा, आत्याबाई?" "दळायला बसशील तेव्हा पहिल्या मुठीला देवाचं नाव घे. दुसऱ्या मुठीला शेजाऱ्याचं घे. तिसऱ्या मुठीला ज्याचा राग येतो त्याचं घे, आणि त्याचं भलं माग. जड झालं म्हणून टाकू नको. हलकं झालं म्हणून फसू नको." एवढं बोलून ती देवाघरी गेली.

रिबकेनं वसा घेतला. पहाटे दळावं, गाणं म्हणावं, तीन मुठींना तीन नावं घ्यावी. भाकरी लोण्यासारखी होई, बाबा चाटूनपुसून खात.

मग काय झालं? सासूच्या तांब्याच्या घागरीवरून रिबकेचं आणि जाऊबाई मार्थाचं भांडण झालं. रिबका म्हणाली, "हिचं भलं मी मागू? जमायचं नाही." तिसरी मूठ मुक्यानं पडली. मग कामं वाढली. दुसरी मूठ मुक्यानं पडली. मग म्हणाली, "देवाला मनातलं कळतंच." पहिली मूठही मुक्यानं पडली. गाणं थांबलं. रविवारी मात्र डोईवर पदर घेऊन ती मंदिरात पहिल्या चटईवर बसे. कुणाला काही कळलं नाही. तिलाही नाही.

आणि जातं कसं? दिवसेंदिवस हलकं. एका बोटानं फिरावं असं. रिबका म्हणे, "माझ्या हाताला गुण आहे."

गावात जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाके घालणारी टाकीवाली आली. "जात्याला टाकी लावा!" रिबका म्हणाली, "आमचं फुलासारखं चालतं, पुढल्या वर्षी ये." दुसऱ्या वर्षी आली. "फुलासारखं चालतं." तिसऱ्या वर्षी आली. "सांगितलं ना काकू, फुलासारखं चालतं!" टाकीवाली हसली आणि पुढं गेली.

त्याच सकाळी विहिरीवर मार्था भेटली. मार्था म्हणाली, "अगं ए, तुमचं कुत्रं बघ, पोळ्याच्या बैलासारखं माजलंय. आणि मामंजी बघ, काडी झालेत. वाढतेस तरी कुणाला गं तू?"

रिबका तणतणत घरी आली. दारात कुत्रं बघितलं, लठ्ठ. बाजेवर सासरा बघितला, हाडं मोजावी असा. बाजेखाली वाकली, तर भाकरीचे तुकडे. एक उचलून सावकाश चावला. कचकच, भरड, अर्धे दाणे तसेच. तिचे दात धड होते आणि घाई फार होती, म्हणून तिला कळलं नव्हतं.

"बाबा, बोलला का नाहीत?"

"बाई, भाकरी नंतर बिघडली. तुझं गाणं त्याआधी थांबलं. मला वाटलं, पोरीला काही दुःख आहे. त्यात मी बोळक्यानं काय तक्रार करू?"

 म्हाताऱ्याचे फार दिवस उरले नव्हते. रिबका उठली, अनवाणी वेशीपर्यंत धावली. "काकू, थांबा! माघारी चला."

टाकीवालीनं पाळू, म्हणजे जात्याचा वरचा दगड, उचलून तळव्यानं चाचपला. "बाई, हे गुळगुळीत झालंय. जातं हलकं झालं की दळत नाही, नुसतं फिरतं." मग ठक ठक ठक टाके घातले. जाताना म्हणाली, "पहिलं पीठ खाऊ नका, दगडाची कच येईल. तीनदा कोंडा दळून टाक."

रिबकेनं तीनदा कोंडा दळला. हाताला फोड आले. जातं असं जड की खांदे भरून आले. पण ती हटली नाही. मग जोंधळे घेतले. पहिली मूठ टाकली, देवाचं नाव घेतलं. दुसरी टाकली, शेजाऱ्याचं घेतलं. तिसरी हातातच राहिली. नाव काही फुटेना. जातं पुढं सरकेना.

मग मूठ तशीच मिटून ती मार्थाच्या दारात गेली. "जाऊबाई, एकटीनं फिरत नाही. येता का?"

मार्था उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, "कुत्र्यासाठी दळायचं असेल तर मी यायची नाही."

"बाबांसाठी."

"मग चल. नुसती उभी काय राहतेस?"

दोघी समोरासमोर बसल्या, एका खुंट्याला दोघींचे हात. रिबकेनं मूठ उघडली, मार्थाचं नाव घेतलं, मोठ्यानं. मार्थानं ऐकलं. मग गाणं सुरू झालं, कुणी केलं ते कळलं नाही.

बाबांनी भाकरी दुधात कुस्करली. एक खाल्ली, दुसरी मागितली. हात धुताना म्हणाले, "आजपासून कुत्र्याची काहीतरी वेगळी सोय करा बायांनो."

रिबकेला जसं वेळेवर कळलं, तसं आपणां सर्वांना कळो. तिनं जसा वसा पुन्हा धरला, तसा आपल्याला धरवो. ही साठ मुठींची कहाणी पाच मुठींत दळली, सुफळ झाली. आमेन.

हे लिहून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी लवकर उघडली. नाताळापासून टाळत होतो, ते दगड उतरवून टाकी लावली. कोंडा काढला. मग दाण्याची पहिली मूठ टाकली, दुसरी टाकली. तिसरीला अडलो. बटण बंद केलं, हात झटकले आणि थोरल्या भावाच्या घरी गेलो.