डुगडुगणारा पोळपाट

"ना चिरते, ना लाटते. नुसती टकामका बघत बसते. संध्याकाळी घालू या तिला चुलीत!"

स्वयंपाकघरातल्या वस्तू आपसांत बोलायच्या तेव्हाची गोष्ट. विळीबाई पोळपाटाच्या कानात कुजबुजत होत्या, ते फळीवरच्या पेन्सिलीबद्दल. नव्या सुनेच्या अंबाड्यात खोचून ती या घरी आली होती. तिने सगळं ऐकलं. लाकडाचीच ती, चूल म्हणताच तिच्या अंगावर काटा आला. पण पोळपाट साधा हुंकारसुद्धा का देत नाही, याचंच तिला जास्त कुतूहल वाटलं.

पोळ्या सुरू झाल्या तशी ती नीट पाहू लागली. पोळपाटाचा एक पाय आखूड होता. लाटणं फिरलं की तो ठकठक डुगडुगायचा आणि ओशाळायचा. पेन्सिलीने पिठाच्या डब्यावर भराभर काहीतरी लिहिलं. लिहिताना ती चूल विसरूनच गेली.

"चुगल्या लिहितेस होय गं?" विळीबाई कडाडल्या. "वाच मोठ्याने!"

पेन्सिलीने वाचलं, "मामंजी डुगडुगतात, म्हणून पोळी दर वेळी आपोआप थोडी फिरते. म्हणून तर या घरच्या पोळ्या इतक्या गोल."

"पुन्हा वाच गं," पोळपाट हळूच म्हणाला.

विळीबाई घसा खाकरून म्हणाल्या, "आणि माझ्याबद्दल काही?"

"लिहिणारच होते, सासूबाई," पेन्सिल म्हणाली, "पण टोक मोडलंय. तेवढं तासून देता का?"